आमचा शजरा कुठला?

आठवीच्या मुलांना घरी विचारून आपला शजरा, म्हणजे वंशावळ, लिहून आणायला सांगितले होते. तीन पिढ्यांपर्यंत सगळ्यांचे ठीक चालले. पुढे एकाने थेट लिहिले, 'आमचे पूर्वज अरबस्तानातून आले.' मागच्या बाकावरचा बागवानांचा मुलगा हळूच म्हणाला, "सर, आमचे कुठूनच आले नाहीत. आम्ही इथेच फळं विकत होतो." वर्ग हसला. मला हसू आले नाही.

'तुम्ही बाहेरचे' हे वाक्य आपण रस्त्यावर ऐकतो तेव्हा ते झोंबते. घरात मात्र तेच वाक्य आपण अभिमानाने सांगतो. या दोन्ही बाजूंना उत्तर देणारे काम डॉ. लालजी सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेत केले.

लालजी सिंग उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यातले. १९४७ साली एका खेड्यात जन्म. संशोधनाची सुरुवात सापांच्या गुणसूत्रांपासून. मण्यार जातीच्या सापात सापडलेल्या डीएनएच्या तुकड्यावरून त्यांनी डीएनए फिंगरप्रिंटिंगचे देशी तंत्र उभे केले. पुढे सुनील कुमार वर्मा यांच्यासोबत त्यांनी मांस, कातडे किंवा केस नेमके कोणत्या प्राण्याचे हे ओळखण्याची पद्धत शोधली. २००३ साली ती प्रसिद्ध झाली. शिकाऱ्यांना पकडण्यासाठी तिचा मोठा उपयोग.

आपल्यासाठी या विज्ञानाचा अर्थ आणखी एक आहे. मांस गोवंशाचे की म्हशीचे, हे डोळ्यांनी किंवा टेम्पोचालकाच्या नावावरून ठरत नाही, प्रयोगशाळेत ठरते. प्रयोगशाळा नमुना पाहते, मालकाची दाढी पाहत नाही. आणि अहवाल काहीही येवो, शिक्षेचा अधिकार न्यायालयाचा आहे. गर्दी मात्र नमुना पोहोचायच्या आधीच निकाल लावून मोकळी होते.

आता माणसांकडे वळू. २००९ साली लालजी सिंग, के. थंगराज आणि परदेशी सहकाऱ्यांनी भारतातल्या २५ समाजगटांचा अभ्यास 'नेचर'मध्ये मांडला. निष्कर्ष असा की आजचे बहुतेक सगळे भारतीय प्राचीन काळच्या दोन लोकसमूहांच्या मिश्रणातून आले आहेत. २०१३ च्या पुढच्या अभ्यासाने या मिसळणीचा काळ साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीचा सांगितला. त्यानंतर जातीतल्या जातीत लग्ने रूढ झाली आणि दारे बंद झाली. म्हणजे शुद्ध रक्त हा प्रकार कुणाकडेच नाही.

२०१० साली याच संस्थेच्या शास्त्रज्ञांचा भारतीय मुस्लिमांवरील अभ्यासही आला. त्यात उत्तर प्रदेशचे शिया-सुन्नी होते, दाऊदी बोहरा होते, केरळचे मापिला होते. बहुतांश वारसा इथल्याच शेजाऱ्यांचा निघाला. इराण, अरबस्तान आणि आफ्रिकेच्या खुणा सापडल्या, पण थोड्या.

याचा अर्थ 'बाहेरचे' म्हणणारा चुकतो. आणि सोयरीक जुळवताना 'आम्ही खानदानी, ते पिंजारी' म्हणून नाक मुरडणारे आपणही चुकतो. समतेचा पैगाम मशिदीच्या सफेत पाळायचा आणि लग्नाच्या यादीत विसरायचा, हे किती दिवस चालणार?

एक सावधगिरी मात्र हवी. उद्या कुणाच्या जनुकांत अरबस्तानच निघाला, म्हणून त्याचा या मातीवरचा हक्क कमी होत नाही. नागरिकत्व संविधान देते, प्रयोगशाळा नाही. विज्ञानाकडून आपण इज्जतीचे सर्टिफिकेट मागू नये. आधी पुरावा, मग बोलणे, एवढी सवय त्याच्याकडून घ्यावी.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात लालजी सिंगांची गोष्ट सांगितली. बागवानांच्या पोराने विचारले, "सर, सापावरून माणसाचं कळतं, मग मला शास्त्रज्ञ होता येईल का?"

त्या वर्षीचा सगळ्यात चांगला प्रश्न तोच होता. तो कुठून आला, हे मी विचारले नाही.