टोपी की शिरस्त्राण?

पुण्यात हेल्मेटसक्तीचा विषय निघाला की ती इष्ट की अनिष्ट यावर जेवढी वाणी खर्ची पडते, तिच्या शतांशानेही हेल्मेट कसले घ्यावे याची चर्चा होत नाही. २०१९ च्या जानेवारीत सक्तीची मोहीम सुरू होताच मोर्चे निघाले, निवेदने दिली गेली. वस्तुतः १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमाने हा प्रश्न केव्हाच निकालात काढला आहे. तथापि विरोधकांच्या एका तक्रारीत तथ्य आहे व ती आम्ही हसण्यावारी नेऊ इच्छीत नाही. मान अवघडते, कानशिले दाबली जातात, वैशाखात घामाने जीव नकोसा होतो, असे ते म्हणतात. ते खरेच आहे. परंतु हा दोष बहुधा हेल्मेटचा नसून निवडीचा असतो. आणि जे हेल्मेट काचते ते अखेर आरशाला टांगले जाते.

अरबस्तानचा लॉरेन्स १९३५ साली मोटारसायकलच्या अपघातात दगावला, तेव्हा त्याला तपासणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांनी पुढे अशा जखमांचा पाठपुरावा केला आणि १९४१ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने मोटारसायकलवरील निरोप्यांना शिरस्त्राण सक्तीचे केले. अलीकडे अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला असता, शिरस्त्राणामुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी व डोक्याला इजा होण्याचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो असे आढळले.

हे संरक्षण केवळ बाहेरच्या कठीण कवचामुळे मिळते असे नव्हे. कवच आघात पसरविते. तो जिरविण्याचे काम आतील थर्मोकोलसदृश जाड थर स्वतः चुरडून जाऊन करतो. म्हणून हा थर ज्यात नाही ती केवळ टोपी होय, मग तिच्यावर रंगरोगण कितीही झळाळो. म्हणूनच एकदा जबर मार खाल्लेले हेल्मेट वरून धड दिसले तरी टाकून दिले पाहिजे. १ जून २०२१ पासून भारतीय मानक चिन्हाशिवाय दुचाकीचे हेल्मेट विकण्यास मनाई आहे. तरीही पदपथावर टोप्यांचा बाजार भरतोच. पोलिसाला दाखविण्यापुरती वस्तू हवी असणारा ग्राहक असेपर्यंत तो भरतच राहील!

पायताण घेताना आपण चार जोड घालून पाहतो, चार पावले चालून पाहतो. डोक्यासाठी मात्र रंग पाहून पैसे मोजतो. भुवयांच्या किंचित वरून फीत फिरवून घेर मोजावा व त्या मापाचे हेल्मेट दुकानातच दहा मिनिटे डोक्यावर ठेवावे. गाल किंचित दाबले जावेत, कपाळावर मात्र कोठेही एका जागी कळ येऊ नये. हेल्मेट हलविले असता कपाळाची कातडी सोबत हलली पाहिजे. पट्टा आवळून मागून वर ढकलले असता ते पुढे निघून आले, तर प्रत्यक्ष आपटण्यापूर्वीच डोके उघडे पडेल. हनुवटी झाकणारा प्रकार अधिक सुरक्षित. उकाड्यासाठी हवेची छिद्रे आणि काढून धुता येणारे अस्तर पाहावे. काळी काच रात्री घातक आहे, हे सांगावे लागू नये.

नव्या दुचाकीबरोबर हेल्मेट देण्याचे बंधन नियमाने घातले आहे. ते देताना विक्रेते डोक्याचे माप विचारतात काय? एक फीत आणि तीन-चार मापांची हेल्मेटे दुकानात ठेवणे त्यांस मुळीच जड जाऊ नये. आणि मागे बसणारीचे काय? अनेक घरांत स्वारासाठी उत्तम हेल्मेट येते व पत्नीच्या वाट्याला त्याचे जुने, सैल झालेले येते. अंबाड्यावर ते धड बसत नाही, म्हणून पट्टाही लावला जात नाही. नवे घ्यावयास निघताना तिलाही दुकानात न्यावे, आणि नेहमीच्या केशरचनेसह तिच्या डोक्याचे माप घ्यावे.