खडक उकळण्याचा घातक उपाय

घरच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत कीड शिरली, की काही हौशी मंडळी खडक काढून उकळत्या पाण्यात टाकतात. हा उपाय किडीपेक्षा घातक आहे. खडकावरील पॅलिथोआ या प्रवाळसदृश जीवांत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकते. उकळल्याने ते नष्ट होत नाही, उलट वाफेबरोबर श्वासात जाते. ताप, खोकला, धाप लागते. उतारा उपलब्ध नाही. अलास्कात २०१२ ते २०१४ दरम्यान घरांत आणि दुकानांत अशा संशयित विषबाधा नोंदल्या गेल्या.

नवा प्रवाळ आधी वेगळ्या टाकीत ठेवावा. हाताळताना हातमोजे, चष्मा घालावा. मात्र सावधगिरीचा सारा भार ग्राहकावर नको. विकतानाच धोक्याचा इशारा देणे दुकानदारांवर बंधनकारक हवे.