पाठीवरचा एक किलो

सॅक दुकानाच्या आरशात नाही, गडावर बघायची असते बॉस! म्हणून रविवारी पहाटे चिंचवडला लोणावळा लोकल पकडली, मळवलीला उतरलो आणि भाजेमार्गे लोहगडाची वाट धरली. २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेला हा गड म्हणजे आपल्या घरामागची टेस्ट लॅबच.

पाठीवर ७०० ग्रॅमची नवी सॅक. आत तीन लिटर पाणी, डबा, विंडचीटर, टॉर्च, कॅरीमॅट. जुनी सॅक रिकामीच १.७ किलोची होती. म्हणजे वाचला एक किलो, अर्थात एक लिटर जादा पाणी. उन्हात त्याची किंमत कळते.

पण हलकेपणा फुकट मिळत नाही. या सॅकला आत फ्रेमच नाही. भाज्यापर्यंत मजेत आलो, गायमुख खिंडीत मात्र खांदे कुरकुरायला लागले. मग तिथेच सॅक पुन्हा भरली. कॅरीमॅटची घडी पाठीच्या बाजूला, पाण्याच्या बाटल्या तिला लागून. कमरेचा पट्टा आधी हाडांवर आवळला, खांद्याचे पट्टे नंतर. वजन कमरेवर उतरलं आणि गणेश दरवाजा ते महादरवाजा, चारही दरवाजे खांद्यांची तक्रार न येता पार झाले.

निकाल? एका दिवसाच्या ट्रेकला एकदम सही. तंबू घेऊन दोन मुक्काम करायचे असतील, तर फ्रेमवालीच घ्या. आणि घेण्याआधी सॅकमध्ये पाच लिटर पाणी भरून सोसायटीचे जिने चढा. लिफ्ट वापरायची नाही हं!