पेनिशचा तुरुंग आणि लिस्बनची अभिनेत्री

पोर्तुगालचे नाव निघाले की आमच्या गोमंतकात आजही कोणाचा कंठ दाटून येतो, तर कोणाच्या कपाळाला आठी पडते. या दोन्ही भावनांत पोर्तुगालच्या सामान्य जनतेला मात्र स्थान नसते. मारिया द मेदैरुश या पोर्तुगीज अभिनेत्रीची कारकीर्द पाहताना ही उणीव आम्हांस प्रकर्षाने जाणवते.

१९६५ साली लिस्बनमध्ये जन्मलेल्या मेदैरुश यांचे वडील नामांकित संगीतकार. बालपण व्हिएन्नात गेले. १९७४ च्या क्रांतीनंतर त्या मायदेशी परतल्या आणि पुढे पॅरिसमध्ये नाट्यकला शिकल्या. १९९० च्या ‘हेन्री अँड जून’मध्ये त्यांनी लेखिका आनाइस निन साकारली. १९९४ साली ‘पल्प फिक्शन’ने त्यांचा चेहरा जगभर पोहोचविला, त्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात एका पोर्तुगीज चित्रपटासाठी त्या सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरल्या. एवढ्या यशावर दुसरी एखादी नटी सुखाने विसावली असती. मेदैरुश यांनी मात्र दिग्दर्शन हाती घेतले आणि २००० साली ‘कापितांइश द आब्रिल’, म्हणजे ‘एप्रिलचे कप्तान’, हा चित्रपट काढला.

२५ एप्रिल १९७४ च्या पहाटे कॅप्टन सालगेरु माया सांतारेंहून फौज घेऊन लिस्बनवर चालून गेला आणि अठ्ठेचाळीस वर्षांची हुकूमशाही एका दिवसात कोसळली. ती रात्र या चित्रपटाचा विषय आहे. क्रांतीच्या वेळी आठ वर्षांच्या असलेल्या मुलीने मोठेपणी आपल्या देशाला त्याचीच कथा सांगितली.

ती कथा आम्हांला परकी नाही. ज्या पेनिशच्या किल्ल्यात सालाझारने आपले देशी विरोधक डांबले, तेथेच डॉ. त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा आणि पुरुषोत्तम काकोडकरही बंदिवान होते. १९६१ साली ‘अखेरपर्यंत लढा’ हा लिस्बनचा हुकूम न मानता शरण आलेल्या गव्हर्नर जनरल व्हासालु इ सिल्व्हाला सैन्यातून काढून टाकण्यात आले. त्याचा मान परत मिळाला तो क्रांतीनंतरच. गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्वही पोर्तुगालने मान्य केले ते १९७४ च्या डिसेंबरात. जुलूम पोर्तुगीज राजवटीचा होता. तिच्या टाचेखाली पोर्तुगीज जनताही होती. याने आमच्या हुतात्म्यांवरील अन्यायाचा अपराध तसूभरही कमी होत नाही. अपराधी कोण, एवढे मात्र स्पष्ट होते.

आणि आम्ही? गोवा मुक्तीवर ‘सात हिंदुस्थानी’ हा चित्रपट १९६९ साली काढला तो ख्वाजा अहमद अब्बास यांनी, म्हणजे बाहेरच्या माणसाने. २००४ पासून पणजीत आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो, परदेशी पाहुण्यांसाठी पायघड्या घातल्या जातात. परंतु १८ जून १९४६ चे मडगाव, आग्वादच्या कोठड्या आणि पेनिशचे आमचे कैदी यांची कथा गोमंतकीय कलावंताने मोठ्या पडद्यावर ताकदीने सांगावी, यासाठी सरकारने आणि समाजाने किती बळ दिले? ज्यांनी ते दिवस पाहिले, ती पिढी हातची जात आहे. लिस्बनच्या एका नटीला जे कर्तव्य वाटले, ते आम्हांला कधी वाटणार?