संघ म्हणजे मोळी नव्हे

कांद्याचा भाव कोसळला की नाशिक जिल्ह्यात सभा भरतात आणि सभेत ‘संघटित व्हा’ ही हाक ठरलेलीच. तिच्या पाठोपाठ काठ्यांच्या मोळीची गोष्ट येते, ‘संघे शक्तिः कलौ युगे’ येते, आणि शेवटी अर्थ सांगितला जातो तो असा: मतभेद गिळा, वेगळेपण सोडा, एका माणसामागे या. माझा वाद या अर्थाशी आहे. मोळीतल्या काठ्या दोर वळत नाहीत; बांधणारा निराळाच असतो, आणि बांधून झाल्यावर मोळी बहुधा चुलीकडे जाते.

यावर जाणकार व्युत्पत्ती पुढे करतात. ‘सम्’ अधिक ‘हन्’, म्हणजे एकत्र ठोकून घट्ट केलेले. तेव्हा संघ म्हणजे एकजीव गोळाच, असे त्यांचे म्हणणे. धातू त्यांनी बरोबर सांगितला, पाणिनी मात्र अर्धाच वाचला. नुसत्या ढिगाला, गोळ्याला शब्द आहे ‘संघात’. ‘संघ’ हे रूप पाणिनीने वेगळे सूत्र करून ‘गण’ या अर्थाला राखून ठेवले, आणि गण म्हणजे समुदाय, नुसता गोळा नव्हे. ढीग आणि संघ यांत व्याकरणानेच भिंत घातली. ती आपण भाषणांत पाडली.

पण व्याकरण कशाला, नाशिक शहराच्या कडेला त्रिरश्मीच्या डोंगरावर दगडात पुरावा आहे. दहाव्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याचा लेख आहे, त्याच्या काळातल्या ४२व्या वर्षाचा. हे लेणे त्याने चारी दिशांच्या संघाला दिले, म्हणजे कोणत्याही पंथाचा, कुठूनही आलेला भिक्षू तिथे राहू शकेल असे. शिवाय ३,००० कार्षापण नाण्यांची कायम ठेव ठेवली. ती कुठे ठेवली, हे मोलाचे आहे. गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे धंद्याच्या संघटनांकडे: एकीकडे २,००० महिना शेकडा एक दराने, दुसरीकडे १,००० महिना शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याजच वापरायचे. पहिल्या व्याजातून वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी. हिशेब करून पाहा: २,०००वर महिन्याला २०, वर्षाला २४०, वीस गुणिले बारा, तेही २४०. दमडीचा फरक नाही. हे सारे निगमसभेत ऐकवून दप्तरी नोंदवल्याचेही लेखच सांगतो.

गाव एक, धंदा एक, तरी विणकरांच्या श्रेणी दोन आणि दर दोन. त्यांना कुणी ‘एक व्हा’ म्हटलेले दिसत नाही, आणि दोन असल्याने राजाच्या जावयाचा त्यांच्यावरचा भरवसा कमी झाला नाही. भिक्षूंचा संघही पंथ पुसून झालेला नाही; निवारा आणि चीवर एवढ्यापुरता तो सगळ्यांचा आहे. शब्दाचा जिवंत अर्थ हा: अमुक कामापुरते, ठरलेल्या अटींवर, बाकी ज्याचे त्याच्याकडे ठेवून एकत्र येणे.

सहकाराने हा अर्थ जपला. तालुक्याच्या खरेदी-विक्री संघात गावोगावच्या संस्था आपले दप्तर, आपले पंच मोडून येत नाहीत. महाराष्ट्राच्या १९६०च्या सहकारी संस्था कायद्यात संघीय संस्थेची व्याख्याच अशी आहे की किमान पाच सभासद स्वतः संस्था असाव्यात आणि सर्वसाधारण सभेतली किमान चार पंचमांश मते सभासद-संस्थांच्या हाती राहावीत. जिल्ह्यातल्याच वाघाड धरणावरच्या चोवीस पाणी वापर संस्था प्रकल्प पातळीवर एकत्र आल्या, त्याही याच अर्थाने. पाणी मोजून संस्थेच्या हवाली होते; शिवारात त्याची वाटणी ही त्या संस्थेची बाब. ओझरच्या परिसरात समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी हे काम उभे केले ते पाळी आणि पट्टीच्या हिशेबावर, मोळीची गोष्ट सांगून नव्हे.

राजकारण्यांनी या बाबतीत निदान शब्द तरी वेगळे घेतले. ‘युती’ ज्योतिषातली: दोन ग्रह आपल्याला जवळ दिसतात, प्रत्यक्षात कोट्यवधी कोस दूर असतात. याहून प्रामाणिक शब्द त्यांना मिळाला नसता!

आता प्रतिपक्षाचा भक्कम मुद्दा. संविधानाच्या पहिल्याच अनुच्छेदात भारत ‘राज्यांचा संघ’ आहे, आणि डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खुलासा केला होता की हा संघ राज्यांच्या आपसातल्या करारातून झालेला नाही, म्हणून कुणाला फुटून निघता येणार नाही. मग संघ म्हणजे अभंगच ना? अभंग, हो, एकजीव, नाही. त्याच संविधानाच्या सातव्या अनुसूचीत विषयांच्या तीन सूची आहेत, आणि शेती राज्यांच्या सूचीत आहे. बाहेर पडण्याची वाट बंद करतानाही घटनाकारांनी कोणाचे काय, हे लिहून ठेवले. मोळीवाल्यांना नेमके हे लिहिणेच नको असते.

दुसरा मुद्दा घरचाच. १९८०चे ऊस-कांदा आंदोलन, खेरवाडीचा रेल रोको, शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या शब्दावर उठलेला निफाड तालुका: इथे तर एका माणसामागेच जिल्हा उभा राहिला, असे म्हणतात. माणूस मोठा होता, हे मान्य. पण लोक आले ते त्याच्या एका कलमासाठी, शेतमालाला रास्त भाव. जात, पक्ष, गावातली भावकी मोडून नव्हे, आपापल्या जागी ठेवून आले. छातीवर संघटनेचा बिल्ला लावताना यातले काही कायमचे सोडण्याची अट नव्हती. पुढे निवडणुका आल्या, पक्ष आला, एका कलमाची अनेक कलमे झाली, आणि संघटनेची शकले झाली. फुटीचे खापर शेतकऱ्याच्या ‘दुहीच्या स्वभावा’वर फोडणाऱ्यांनी सांगावे: तोच शेतकरी, तीच दुही १९८० साली कुठे गेली होती?