४४३च्या भरवशावर

भडगाव तालुक्यातला शेतकरी पीक विम्याचा अर्ज भरायला सेवा केंद्रात जातो, तेव्हा आधार, बँक खाते, सातबारा अशी आपली सारी ओळख दुसऱ्याच्या संगणकाच्या हवाली करतो. पतसंस्थांची पिग्मी वसुलीही मोबाइलवर आली आहे. ही माहिती वाटेत कूटबद्ध होऊन जाते की उघडी, हे संचालकांनी विचारायलाच हवे. त्यावर ‘आपले सगळे ४४३ पोर्टवर आहे, काळजी नको,’ असे उत्तर मिळाले तर खरी काळजी तिथूनच सुरू होते.

८० पोर्टवर साधे एचटीटीपी आणि ४४३वर कूटबद्ध एचटीटीपीएस, ही केवळ सर्वमान्य वाटणी आहे. पोर्ट म्हणजे नुसता घरक्रमांक; तो वाचून दाराला कुलूप आहे की नाही हे कळत नाही. कूटबद्ध करण्याचे काम टीएलएस करते. सर्व्हर तसा मांडला, तर ४४३वरूनही मजकूर उघडा वाहतो आणि ८०८०वरून कडेकोट बंदोबस्तात जातो. टीएलएस असूनही ॲप समोरच्याचे सर्टिफिकेट तपासत नसेल, तर मध्येच बसलेल्या भामट्यालाच ते सर्व्हर समजते. अँड्रॉइड ९ने २०१८मध्ये नव्या ॲपसाठी उघडी वाहतूक मुळातच बंद केली. पण ॲप बनवणारा एका ओळीत ती पुन्हा सुरू करू शकतो.

ईमेलचे दुखणे जुने आहे. ११० आणि १४३ या पोर्टांवर बोलणे उघडेच सुरू होते. ‘स्टार्टटीएलएस’ म्हटल्यावर पुढचे कूटबद्ध होते. वाटेतल्या कुणी ही सूचनाच गाळली आणि ईमेलच्या प्रोग्रॅमने तिचा आग्रह धरला नाही, तर पासवर्ड उघडा पडतो. म्हणून आरएफसी ८३१४ या इंटरनेटच्या मानकाने २०१८मध्ये पहिल्या अक्षरापासून कूटबद्ध असणाऱ्या ९९५, ९९३ आणि ४६५ यांची शिफारस केली. कार्यालयातल्या ईमेलच्या सेटिंगमध्ये आजही ११० दिसत असेल, तर ते आजच बदला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. तो हल्ला मुख्यतः एटीएमच्या यंत्रणेवरचा होता, पोर्टचा नव्हे. पण चोरांची नजर सहकारी संस्थांवर आहे, हे त्याने दाखवून दिले. एवढ्या मोठ्या बँकेची ही गत, तर तालुक्याच्या पतसंस्थेने कशाच्या जोरावर निर्धास्त राहावे?

सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याकडून लेखी घ्या: कोणती पोर्ट उघडी आहेत, टीएलएस १.२ किंवा त्यापुढचे आहे का, सर्टिफिकेट तपासले जाते का. नंतर त्रयस्थ जाणकाराला बोलावून, संस्थेच्याच नेटवर्कवर, वायरशार्क या साधनाने वाहतूक पकडून पाहा. पासवर्ड किंवा खातेक्रमांक वाचता आला, तर दुरुस्ती होईपर्यंत वसुली कागदी पावतीवर आणा.