वाटीतली साखर

सकाळच्या डोंबिवली फास्टमध्ये पर्समधला फोन काढायचा तर ठाणं यावं लागतं. त्या दिवशी ठाण्याला उतरून पाहिलं, तर घरून पाच मिस्ड कॉल. आईजवळ दिवसपाळीला असणाऱ्या मावशींचे. मी उलट फोन केला तो शेजारच्या काकूंनी उचलला. "घाबरू नकोस, आता बरी आहे. शुगर उतरली होती."

इन्सुलिन टोचून झालं होतं, उपमा तसाच पडून होता. आईला दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले, बोलणं बरळल्यासारखं. मावशींनी वाटीत साखर काढली होती, पण ती ओट्यावरच राहिली. काकू आल्या आणि त्यांनी साखरपाणी पाजलं. संध्याकाळी विचारलं, तर मावशी खाली मान घालून म्हणाल्या, "मला कळलं होतं ओ ताई. आधीच्या आजोबांचंही असंच व्हायचं. पण ब्युरोत सांगतात, घरच्यांना विचारल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. काही झालं तर नाव माझ्यावर."

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत अशा मावशींवर किती घरं उभी आहेत! मुलगा न्यू जर्सीत, सून पवईत, आजी-आजोबा तिसऱ्या मजल्यावर. सरकारी कौशल्य अभ्यासक्रमात या कामाला 'जनरल ड्यूटी असिस्टंट' म्हणतात. आपण मात्र कामावर ठेवताना एवढंच विचारतो: डायपर बदलता येतो ना, रात्री झोपत नाही ना, दोन पोळ्या कराल का? घास अडकला तर काय कराल, हे कुणी विचारत नाही.

खरं तर शिकण्यासारखं फार नाही. शुगर उतरली आणि माणूस शुद्धीवर आहे, गिळू शकतो, तर तीन चमचे साखर पाण्यातून. शुद्ध नसेल तर तोंडात थेंबही नाही. कुशीवर वळवायचं आणि १०८. घास अडकून आवाजच बंद झाला, तर पुढे वाकवून पाठीवर पाच जोरदार थापा, नाहीच निघाला तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर पाच झटके. फिट आली तर दातांत चमचा नाही, नाकाशी कांदा नाही, चप्पल तर नाहीच. तोंड वाकडं, हात लुळा, जीभ जड झाली, तर आधी घड्याळ बघायचं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. श्वास थांबला, तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटीमीटर खोल. हे शेवटचं मात्र पुतळ्यावर हात बसल्याशिवाय येत नाही. रक्तदाब तपासणीची शिबिरं भरवणाऱ्या आपल्या सोसायट्यांनी आणि गणेश मंडळांनी एक रविवार मावशींसाठी ठेवावा, त्या दिवसाचा पगार न कापता.

पण आमच्या मावशींना येत नव्हतं कुठे? त्यांच्याकडे परवानगी नव्हती. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अभय दिलं, २०१९ मध्ये ते मोटार वाहन कायद्यात आलं. घरात बारा तास आजारी माणसाजवळ बसणारीला मात्र आपण सगळे मिळून भीती घालून ठेवतो. १०८ ची सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. पण मावशी आधी मला फोन करणार, मग ब्युरोला, मग पुन्हा मला. डोंबिवली पूर्वेहून पश्चिमेचं शास्त्रीनगर रुग्णालय गाठायचं तर ॲम्ब्युलन्सला कोपरचा किंवा ठाकुर्लीचा पूल ओलांडायचा असतो. वाटेत वेळ जाणारच आहे. निदान घरात तरी तो जाऊ नये.

मी फ्रिजवर एक कागद चिकटवला आहे. वर पत्ता, विंग, मजला आणि समोरच्या मेडिकलचं नाव, कारण घाबरलेल्या माणसाला पत्ता सांगता येत नाही. खाली औषधांची यादी. त्याखाली मोठ्या अक्षरांत: 'आधी १०८, मग मला फोन. साखर द्यायला विचारायची गरज नाही. जबाबदारी माझी.'

मावशींनी तो बोट ठेवून दोनदा वाचला. म्हणाल्या, "खाली सही करा ना, ताई."